वाचनालयाचं ओसीआर ॲप फ्लॅटपॅकमध्ये नेताना: सँडबॉक्समधून प्रोसेस सुरू करणं आणि अपडेट घेणं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या वाचनालयासाठी मी दोन वर्षांपासून एक ॲप सांभाळतोय. जुने अंक, वार्षिक अहवाल, सभासदांची हस्तलिखित नाही पण टाइप केलेली पत्रकं स्कॅन करून त्यातला मराठी मजकूर काढायचा (ओसीआर), एवढंच त्याचं काम. आत टेसरॅक्ट (चित्रातला मजकूर वाचणारा) आणि पॉप्लर (पीडीएफची पानं चित्र म्हणून काढणारा), बाहेर पायथॉन आणि खिडक्या-बटणांसाठी जीटीके ४. हे फ्लॅटपॅकमध्ये, म्हणजे लिनक्सवर ॲप बंद पेटीत (सँडबॉक्स) चालवायच्या पद्धतीत, नेताना जे अडलं ते इथे तारखेनुसार ठेवतोय, कारण मला शोधूनही हे एका जागी सापडलं नव्हतं. आज्ञा आणि नावं देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

१४ जून २०२५, शनिवार

वाचनालयात तीन संगणक, तिन्हींवर लिनक्स मिंट, पण एकावर २२ आणि दोनांवर २१. पायथॉनच्या आवृत्त्या वेगळ्या, टेसरॅक्टच्या वेगळ्या. एकावर चाललेलं दुसऱ्यावर चालत नाही. मी ऐरोलीत राहतो. गाडीनं ठाणं जवळ आहे, पण स्टेशनवरून नौपाडा, तिथे तीन मशीनवर हातानं बदल, परत येणं, यात शनिवारची अख्खी दुपार जाते. फेब्रुवारीपासून सात फेऱ्या झाल्या, त्यातल्या चार निव्वळ दोन-चार ओळींच्या दुरुस्तीसाठी.

म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. एक, लोक पेनड्राइव्हवर आणतात त्या पीडीएफ ॲपच्या पूर्ण परवानग्यांनिशी उघडायच्या नाहीत, त्यासाठी आणखी घट्ट पेटी हवी. दोन, नवी आवृत्ती आली की ॲपनंच सांगावं आणि ग्रंथपाल ताईंनी एक बटण दाबून ती घ्यावी.

१५ जून, रविवार

मॅनिफेस्ट, म्हणजे ॲप कसं बांधायचं आणि त्याला कुठल्या परवानग्या द्यायच्या याची फाइल, लिहिलं. रनटाइम, म्हणजे ॲपखालचा तयार लायब्ररींचा पाया, ग्नोम ४८. त्यात टेसरॅक्ट नाही, म्हणून लेप्टोनिका (टेसरॅक्टला लागणारी चित्रांची लायब्ररी), टेसरॅक्ट आणि पॉप्लर तिन्ही स्वतः बांधले. पाच तास गेले, त्यातले दोन एका चुकीत: मराठीची प्रशिक्षित डेटा फाइल ॲपबरोबर ठेवली, पण टेसडेटा प्रीफिक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या फोल्डरकडे वळवलं नाही. टेसरॅक्ट "मराठी भाषा लोड होत नाही" म्हणून थांबत राहिला आणि मी फाइल खराब आहे असं समजून ती तीनदा उतरवली.

संध्याकाळी एक वाईट शॉर्टकट घेतला आणि रात्री काढून टाकला. पॉप्लरचं बांधकाम अडलं होतं तेव्हा फ्लॅटपॅक-स्पॉन या पेटीतून प्रोसेस सुरू करायच्या टूलला --होस्ट लावून मशीनवरचंच पीडीएफ-टू-पीपीएम चालवलं. त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.फ्लॅटपॅक या नावाशी डी-बसवर (प्रोसेसनी एकमेकींशी बोलायची वाट) बोलायची परवानगी द्यावी लागते. दहा मिनिटांत सगळं चालू. पण ही परवानगी असलेलं ॲप यजमान मशीनवर वापरकर्त्याच्या नावानं कुठलीही आज्ञा चालवू शकतं. मग पेटी उरतच नाही. कोड एडिटर किंवा टर्मिनलसारख्या ॲपांना ती लागते, हे मान्य. अनोळखी माणसाच्या पेनड्राइव्हवरची पीडीएफ उघडणाऱ्या ॲपला ती देणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. पॉप्लर नीट बांधला आणि ती ओळ काढली.

२१ जून, शनिवार

दोन नावं सारखी दिसतात आणि मी सुरुवातीला दोन्हींत गोंधळलो, म्हणून आधी ते. ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.फ्लॅटपॅक म्हणजे वर सांगितलेलं बाहेर पडायचं दार. ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.पोर्टल.फ्लॅटपॅक म्हणजे पोर्टल. ते प्रत्येक फ्लॅटपॅक ॲपला आपोआप मिळतं, मॅनिफेस्टमध्ये काही लिहावं लागत नाही. त्याच्याकडून स्वतःच्याच ॲपची आणखी एक प्रत सुरू करता येते, तितक्याच किंवा त्याहून कमी परवानग्यांची.

पायथॉनच्या सबप्रोसेसनं टेसरॅक्ट चालवला तर तोही चालतो. पण तो ॲपच्याच पेटीत चालतो, ॲपला जे दिसतं ते त्यालाही दिसतं. मला नेमकं तेच नको होतं.

कोड लिहिण्याआधी फ्लॅटपॅक-स्पॉन हे टूल ॲपच्या आतल्या शेलमधून वापरून पाहिलं. --सँडबॉक्स आणि --नो-नेटवर्क लावले. पहिलीच धाव फसली: चालू फोल्डर नवीन पेटीत नाही. मी ॲपच्या कॅश फोल्डरमध्ये उभा होतो आणि घट्ट पेटीला ॲपचं स्वतःचं डेटा फोल्डरसुद्धा दिसत नाही. --डिरेक्टरी देऊन मुळापाशी नेलं. मग दुसरी अडचण, पीडीएफच सापडत नाही. कारण तेच, ती कॅशमध्ये होती.

सोय आहे, पण तिचा नियम कडक आहे. ॲपच्या डेटा फोल्डरमध्ये "सँडबॉक्स" नावाचं एक उपफोल्डर असतं, आणि --सँडबॉक्स-एक्स्पोज या पर्यायानं फक्त त्यातल्याच गोष्टी आतल्या पेटीला दाखवता येतात. तिथेही नुसतं नाव द्यायचं, पूर्ण पाथ दिला की नकार. मी पूर्ण पाथ देत बसलो होतो, पाऊण तास गेला. आता रचना अशी: "आत" नावाचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं, त्यासाठी शेवटी -आरओ असलेला पर्याय, आणि "बाहेर" नावाचं फोल्डर लिहिण्यासाठी. आतल्या पेटीत त्यांचा पाथ बाहेर आहे तोच राहतो, त्यामुळे आज्ञा बदलावी लागली नाही.

फाइल निवडायच्या खिडकीतून आलेली पीडीएफ डॉक्युमेंट पोर्टलच्या पाथवर असते, तीही आतल्या पेटीला दिसत नाही. म्हणून आधी "आत"मध्ये कॉपी करतो आणि क्रमांकाचं नाव देतो. मराठी नावानं काही बिघडत नाही, पण कुणाच्या फाइलचं नाव हायफननं सुरू झालं तर पॉप्लर त्याला पर्याय समजेल.

मग तपासणी. आतल्या पेटीत शेल उघडलं. घरच्या फोल्डरमध्ये कागदपत्रं नाहीत, नेटवर्क नाही. हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पुढे गेलो.

२२ जून, रविवार

आज पायथॉनमधून थेट डी-बसवर पोर्टलच्या स्पॉन मेथडला हाक मारली. दिवसभरात सात तास बसलो, त्यातले निदान चार वाया गेले. सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांचा वेळ जाईल.

पहिलं. चालू फोल्डर आणि आज्ञेचे शब्द स्ट्रिंग म्हणून जात नाहीत, बाइटची यादी म्हणून जातात आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य बाइट लागतो. तो विसरलात तर जीलिब ही लायब्ररी ती यादी रिकामी स्ट्रिंग म्हणून वाचते आणि पोर्टल सांगतं की आज्ञाच दिलेली नाही. मी आज्ञा छापून पाहतोय, ती डोळ्यांसमोर आहे, आणि उत्तर तेच. दीड तासानं फ्लॅटपॅक-स्पॉनचा सोर्स वाचला तेव्हा उलगडलं.

दुसरं. आउटपुट वाचायला पाइपचं टोक द्यायचं. मी फाइल डिस्क्रिप्टरचा खरा क्रमांक टाकला. चालत नाही. डिस्क्रिप्टर वेगळ्या यादीतून जातात आणि इथे त्या यादीतलं स्थान द्यायचं, म्हणजे ०, १ असं. हे सुधारल्यावर ॲप हँग. पाइपचं लिहिण्याचं टोक माझ्या बाजूनंही उघडंच राहिलं होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला शेवट कधी येतच नव्हता. हाक मारून झाली की ते टोक आपल्याकडे बंद करायचं.

तिसरं, पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. स्पॉन एक क्रमांक परत देतो. तो पेटीबाहेरचा क्रमांक आहे. "थांबवा" बटणावर मी नेहमीसारखं किल लिहिलं, उत्तर आलं की अशी प्रोसेसच नाही. बरोबरच आहे, माझ्या पेटीत त्या क्रमांकाची प्रोसेस नाही. आणि समजा योगायोगानं असती तर मी भलतीच प्रोसेस मारली असती. यासाठी पोर्टलचीच स्पॉन-सिग्नल मेथड आहे: तो क्रमांक, सिग्नल १५, आणि तिसरी किंमत ट्रू दिली तर सिग्नल पूर्ण प्रोसेस ग्रुपला जातो. माझी स्क्रिप्ट आधी पॉप्लर आणि मग टेसरॅक्ट चालवते, त्यामुळे ग्रुपला पाठवणं गरजेचं. नुसती स्क्रिप्ट मेली आणि टेसरॅक्ट चालू राहिला असं माझ्याकडे एकदा झालं.

चौथं. काम संपल्यावर स्पॉन-एक्झिटेड सिग्नल येतो आणि त्यात स्टेटस असतं. माझ्याकडे २५६ आलं. टेसरॅक्ट २५६ कशाला देईल? ते एक्झिट कोड नाही, वेट-स्टेटस आहे. पायथॉनच्या ओएस मॉड्यूलमधल्या फंक्शननं उलगडलं की १ निघतो. शिवाय या सिग्नलवर कान आधी लावायचा आणि मग स्पॉन करायचं. एक पानाची लहान पीडीएफ इतक्या लवकर संपते की नंतर लावलेल्या कानाला तो सिग्नल मिळतच नाही आणि चक्र फिरत राहतं. मोठ्या फाइलवर चालतंय आणि छोट्या फाइलवर अडतंय, असं दिसलं की हेच कारण समजा.

स्पॉनला फ्लॅग अंकांच्या बेरजेनं द्यायचे: ४ घट्ट पेटी, ८ नेटवर्क बंद, १६ म्हणजे हाक मारणारा बसवरून गेला की आतली प्रोसेसही मारायची. हा १६ मी आधी घेतला नव्हता. दुपारी ॲप क्रॅश झालं आणि लॅपटॉपचा पंखा वाजतच राहिला, मागे चार टेसरॅक्ट अनाथ चालू होते. आता बेरीज २८.

एन्व्हायर्नमेंटमध्ये टेसरॅक्टसाठी ओएमपी थ्रेड लिमिट १ पाठवतो. एकाच वेळी चार पानं चालवली तर हा आकडा नसताना थ्रेड एकमेकांच्या पायात येतात आणि वाचनालयातल्या जुन्या मशीनवर वेळ उलट वाढतो.

एन्व्हायर्नमेंटवरून एक महत्त्वाचं. याच स्पॉन मेथडमध्ये सुरक्षेची मोठी त्रुटी होती, तिचा नोंद-क्रमांक सीव्हीई-२०२१-२१२६१. ॲपनं पाठवलेली व्हेरिएबल्स पेटीबाहेर चालणाऱ्या फ्लॅटपॅक रन या आज्ञेलाही लागू व्हायची, त्यामुळे पेटीतून बाहेर पडता येत होतं. फ्लॅटपॅक १.८.५ आणि १.१०.० मध्ये ती दुरुस्त झाली. वाचनालयातल्या मिंट २१ वर १.१२ आहे, म्हणजे या बाबतीत ठीक. पण मी आधी आवृत्ती तपासली आणि मगच या पोर्टलवर भरवसा ठेवला, तुम्हीही तपासा.

२४ जून, मंगळवार रात्र

ताईंनी २१२ पानांचा एक बांधीव अंक पाठवला होता, तो चालवला. डिस्क भरली. ३०० डीपीआयला ए४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, तीन रंगांचे मिळून २६ एमबी. २१२ पानं म्हणजे साडेपाच जीबी, आणि मी ती सगळी आधी काढून मग वाचत होतो. आता एकेक पान काढतो, वाचतो, पुसतो, आणि पॉप्लरला करड्या रंगात काढायला सांगतो, म्हणजे पान पावणेनऊ एमबीवर येतं. "सँडबॉक्स" फोल्डर ॲप सुरू होताना रिकामं करायची ओळही घातली. ते फोल्डर आपोआप कुणी साफ करत नाही.

२८ जून, शनिवार

अपडेटसाठी रेपो, म्हणजे जिथून मशीन नव्या आवृत्त्या उतरवतात ती जागा. फ्लॅटपॅकचा रेपो म्हणजे ओएसट्री या आवृत्त्या साठवायच्या साधनाच्या साध्या फाइल, कुठल्याही वेबसर्व्हरवर ठेवता येतात. माझ्याकडे आधीपासूनची थोडी जागा होती, म्हणून वेगळा खर्च नाही.

सही करताना चुकलो. फ्लॅटपॅक-बिल्डरनं कमिटवर (रेपोतली एक आवृत्ती) जीपीजी ही डिजिटल सही केली, नंतर मी डेल्टा (दोन आवृत्त्यांतल्या फरकाचा गठ्ठा) बनवायला बिल्ड-अपडेट-रेपो चालवलं आणि त्याला सहीचा पर्याय द्यायला विसरलो. त्यानं समरी, म्हणजे रेपोची अनुक्रमणिका, नव्यानं लिहिली, बिनसहीची. वापरणाऱ्या मशीननं ती नाकारली. निरोपातच सुचवलेलं असतं की पडताळणी बंद करा. करू नका. तीच आज्ञा सहीसह परत चालवली.

दुसरं, आरसिंकनं फाइल चढवताना समरी आधी गेली आणि ऑब्जेक्ट मागून. मधल्या सहा-सात मिनिटांत अपडेट मागणाऱ्याला "फाइल नाही" दिसलं. आता दोन टप्पे: आधी ऑब्जेक्ट आणि डेल्टा, सगळ्यात शेवटी समरी आणि तिची सही.

स्टॅटिक डेल्टा बनवण्याचा फायदा पुढच्या नोंदीत कळेल.

२९ जून, रविवार

पोर्टलच्या क्रिएट-अपडेट-मॉनिटर या मेथडनं एक वस्तू मिळते आणि ती अपडेट-अव्हेलेबल हा सिग्नल देते. त्यात तीन कमिट येतात: चालू असलेलं, मशीनवर बसलेलं आणि रेपोतलं. चालू आणि बसलेलं वेगळं असेल तर अपडेट आधीच झालंय, फक्त ॲप पुन्हा सुरू करायचंय. बसलेलं आणि रेपोतलं वेगळं असेल तर उतरवायचंय. ॲपमध्ये या दोन्हींसाठी वेगळी पट्टी दाखवतो.

नवी आवृत्ती रेपोत टाकली आणि वाट पाहिली. सिग्नल नाही. पोर्टल दर ३० मिनिटांनी पाहतं हे माहीत होतं, म्हणून जेवून आलो. तरी नाही. कोड तपासला, मॉनिटर परत बनवला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. तीन तास.

शेवटी फ्लॅटपॅक-पोर्टल हातानं चालवलं, --रिप्लेस, --व्हर्बोज आणि --पोल-टाइमआउट ६० सेकंद असे पर्याय देऊन. तेव्हा दिसलं की ते रेपो पाहणंच टाळतंय, कारण नेटवर्क मोजूनमापून वापरायचं आहे, मीटर्ड. आमच्या सोसायटीसमोरच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटल्यामुळे मी आदल्या रात्रीपासून फोनच्या हॉटस्पॉटवर होतो. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट नेटवर्क मॅनेजरला मीटर्ड म्हणून ओळखू येतो आणि अशा जोडणीवर पोर्टल रेपो तपासत नाही.

चाचणीपुरता --पोल-व्हेन-मीटर्ड लावला, लगेच सिग्नल आला. पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीनं खाली-वर झाला. वाचनालयात ब्रॉडबँड नाही. तिन्ही संगणक ताईंच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालतात. म्हणजे मी एवढं खपून बनवलेली अपडेटची पट्टी तिथे कधीच दिसली नसती, आणि मला वाटलं असतं सगळं ठीक आहे.

परस्पर मीटर्ड काढून टाकणं मला योग्य वाटेना, डेटा त्यांचा आहे. ताईंना फोन केला.

"ताई, संगणकावरचं ॲप अपडेट होताना तुमच्या फोनचा डेटा जाईल. चालेल का?"

"किती जाईल?"

"नेहमीच्या दुरुस्तीला तीन-चार एमबी. कधीतरी वर्षातून एकदा-दोनदा बरंच जास्त, तेव्हा मी आधी सांगेन."

"अरे, रोजचा दीड जीबी असतो, निम्मा वाया जातो माझा. घे की."

तीन-चार एमबी हे डेल्टामुळे. डेल्टा नसेल तर बदललेली प्रत्येक फाइल सुटी उतरते आणि हॉटस्पॉटवर त्या शेकडो छोट्या विनंत्यांना फार वेळ लागतो. मोठा भाग म्हणजे रनटाइम. तो बदलला की काहीशे एमबी होतात, ते मी पेनड्राइव्हवरून नेईन. मराठीची डेटा फाइल सहसा बदलत नाही, त्यामुळे ती परत उतरत नाही.

५ जुलै, शनिवार

"अपडेट घ्या" बटण जोडलं. मॉनिटरच्या अपडेट मेथडला हाक मारली की पहिल्यांदा पोर्टल वापरकर्त्याला विचारतं, हे ॲप स्वतःला अपडेट करू पाहतंय, चालेल का. मी घाईत नकारावर क्लिक केलं. त्यानंतर कितीही वेळा बटण दाबलं तरी खिडकी येईना, थेट नकार. उत्तर कायमचं नोंदवून ठेवलं जातं. परवानग्यांच्या कोठारात "फ्लॅटपॅक" तक्त्यात "अपडेट्स" नावाखाली ते सापडलं, फ्लॅटपॅक परमिशन-रिमूव्हनं काढलं आणि खिडकी परत आली. वाचनालयात हे कुणाच्याही हातून होऊ शकतं, म्हणून नकार आला तर ॲप आता मराठीत सांगतं की परवानगी नाकारलेली आहे, मला फोन करा. पोर्टलची ती खिडकी इंग्रजीत येते. त्यामुळे बटण दाबण्याआधीच ॲपमध्ये लिहिलंय, आता एक प्रश्न येईल, त्यात कुठलं बटण दाबायचं.

प्रोग्रेस सिग्नलमध्ये स्टेटस ० म्हणजे चालू, १ म्हणजे घेण्यासारखं काही नाही, २ म्हणजे झालं, ३ म्हणजे फसलं. मी १ हे यश धरलं होतं, दुरुस्त केलं.

२ आलं, पण ॲप जुनंच. हे अपेक्षित आहे. चालू प्रत जुन्याच फाइलवर चालते, तिच्या पायाखालून काही काढलं जात नाही. नवी प्रत हवी तर स्पॉनमध्ये फ्लॅग २ द्यायचा, म्हणजे सगळ्यात ताजी बसलेली आवृत्ती.

तो दिला. खिडकी क्षणभर चमकली आणि जुनीच पुढे आली. नवी प्रत सुरू झाली, तिला त्याच नावाचं ॲप बसवर आधीच दिसलं, तिनं जुन्याला जागं केलं आणि ती संपली. जीटीके ॲप्लिकेशन एकाच नावानं एकदाच चालतं, त्याचा हा परिणाम. मग जी-ॲप्लिकेशनचा "बदलीला मुभा" हा फ्लॅग ॲपला लावला आणि नव्या प्रतीला --जीॲप्लिकेशन-रिप्लेस देऊन सुरू केलं.

आता जुनी गेली, आणि तिच्यामागोमाग नवीही गेली. स्क्रीनवर काहीच नाही. अर्धा तास मी रिप्लेसच्या मागे होतो, दोष तिथे नव्हता. स्पॉनची हाक मी एकाच फंक्शनमध्ये बांधली होती आणि त्यात १६ कायम होता: हाक मारणारा गेला की मुलालाही मार. जुनी प्रत बाहेर पडली, पोर्टलनं सांगितल्याप्रमाणे नवीला मारलं. टेसरॅक्टसाठी जो फ्लॅग हवाच, तोच पुन्हा सुरू करताना चालणार नाही. पुन्हा सुरू करताना आता फक्त २.

वाचन चालू असेल तर "पुन्हा सुरू करा" बटण बंद ठेवतो. २१२ पानांतलं १९० वं पान चालू असताना कुणी ते दाबू नये.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. सकाळी घरचं आटोपून अकराला नौपाड्यात पोहोचलो, वाचनालय बंद, पण ताईंनी किल्ली दिली होती. तिन्ही मशीनवर --यूजर लावून बसवलं. रनटाइम पेनड्राइव्हवरून. पेनड्राइव्ह ४५० रुपयांचा, या कामातला एवढाच रोख खर्च. तिन्ही मशीनवर ताईंच्या हॉटस्पॉटची जोडणी मीटर्ड नाही अशी करून ठेवली. त्याच हॉटस्पॉटवर चाचणी घेतली, पट्टी दिसली.

मग त्याच बैठकीत एक चूक उघडी पडली, आणि ती तिथे असतानाच पडली हे बरं झालं. ताईंना काढलेला मजकूर आपोआप डॉक्युमेंट्समध्ये साठायला हवा होता. मी नव्या आवृत्तीत त्या फोल्डरची परवानगी मॅनिफेस्टला जोडली होती. अपडेट दाबलं, स्टेटस ३, एरर "नॉट सपोर्टेड". नवी आवृत्ती जास्त परवानग्या मागत असेल तर पोर्टल ॲपला स्वतःहून ती घेऊ देत नाही, वापरकर्त्यानं सॉफ्टवेअर मॅनेजरमधून किंवा आज्ञेनं घ्यावी लागते. मला हे पटतं. नाहीतर आज पेटीत असलेलं ॲप उद्याच्या अपडेटमध्ये सगळं घर मागून घेईल आणि कुणाला कळणारही नाही.

परवानगी काढून टाकली. त्याऐवजी जीटीकेच्या फाइल डायलॉगनं एकदा फोल्डर निवडून घेतो, पोर्टल तेवढंच फोल्डर ॲपला देतं आणि पुढच्या वेळीही लक्षात ठेवतं. मॅनिफेस्टमध्ये एक ओळही वाढली नाही. घरी येऊन नवी आवृत्ती चढवली. तिथून निघायला तीन वाजले, पाऊस जोरात, गाड्या उशिरा, ऐरोलीला पोहोचेपर्यंत पाच.

एकूण वेळ मोजला: कामाचे सुमारे ३४ तास, त्यातले १२ चुका शोधण्यात.

१२ जुलै, शनिवार

साडेअकराला ताईंचा फोन.

"अरे, ती पिवळी पट्टी आलीय. काय करू?"

"अपडेट घ्या दाबा. मग इंग्रजीत प्रश्न येईल, खाली लिहिलंय त्याप्रमाणे उत्तर द्या."

"दिलं. पट्टी पुढे सरकतेय." मग थोडं थांबून, "झालं म्हणतंय. पुन्हा सुरू करू?"

"काही वाचन चालू आहे का?"

"हो, अहवाल चाललाय. बटण फिकट दिसतंय."

"मग तो संपू द्या."

वीस मिनिटांनी त्यांचा निरोप आला, तिन्ही मशीनवर नवा आकडा दिसतोय. त्या वेळी मी ऐरोलीत घरीच होतो.

उरलेलं काम: रनटाइमची मुदत संपल्यावर पुढच्या रनटाइमवर जाणं, आणि आतल्या पेटीत पान अडकलं तर ठरावीक वेळानं स्पॉन-सिग्नल पाठवणं. सध्या ते "थांबवा" बटणावरच आहे.